उंदराला अल्झायमर होत नाही, मग फोटो कशाचा काढतात?

'अल्झायमरवर उपाय सापडला, उंदरांवरचा प्रयोग यशस्वी.' अशी बातमी दर दोन-चार महिन्यांनी येतेच. सोबत मेंदूची दोन रंगीत चित्रं असतात. डावीकडच्या चित्रात डागच डाग, उजवीकडच्यात डाग गायब. घरात कुणाला हा आजार असेल तर माणूस ती बातमी दोनदा वाचतो, चार जणांना पाठवतो आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारतो, "हे औषध कधी येणार?" डॉक्टर बहुधा नुसतं हसतात आणि जुन्याच गोळ्या पुन्हा लिहून देतात.

ते का हसतात हे कळायचं असेल तर त्या चित्रांकडे नीट बघायला हवं. ती कशाची आहेत, कशी काढली आणि त्यांतून किती कळतं?

आधी आजाराची थोडक्यात ओळख

1906 साली अलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी एका मृत रुग्ण स्त्रीचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पन्नाशीच्या सुमारासच तिची स्मृती ढासळली होती. तिच्या मेंदूत त्यांना दोन विचित्र गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर कसला तरी साका जमला होता आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते झाले होते. बाहेरचा साका अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा असतो, त्याला 'प्लाक' म्हणतात. आतले गुंते टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचे. पुढे पेशी मरत जातात आणि मेंदू आक्रसतो.

अडचण अशी की हे सगळं दिसायचं ते माणूस गेल्यावर. जवळजवळ शतकभर डॉक्टर या आजाराचा फक्त शेवटचा अंक पाहत होते. विसराळूपणा जाणवायला लागतो त्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून अमायलॉइड साठत असतं, हे आता ठाऊक आहे. म्हणजे नाटकाचा बराचसा भाग पडदा उघडण्यापूर्वीच उरकलेला असतो. जिवंत मेंदूत डोकावण्याची सगळी धडपड त्यासाठी आहे.

उंदराला हा आजार देतात कसा?

साधा उंदीर दोन-अडीच वर्षं जगतो, म्हातारा होतो, मरतो. अल्झायमर काही त्याला होत नाही. त्याच्याही मेंदूत अमायलॉइड बनतं, पण माणसाच्या अमायलॉइडपेक्षा त्याची घडण तीन ठिकाणी वेगळी असते. तीनच ठिकाणी, पण तेवढ्यानं ते एकमेकांना चिकटत नाही आणि साका जमत नाही.

मग संशोधकांनी माणसाचं जनुक उंदरात घातलं. तेही साधं नव्हे. काही मोजक्या कुटुंबांत हा आजार पिढ्यानपिढ्या येतो आणि चाळिशी-पन्नाशीतच गाठतो. त्या कुटुंबांत सापडलेलं बिघडलेलं जनुक त्यासाठी निवडलं. असा पहिला उपयोगी उंदीर 1995 साली तयार झाला, दुसरा गाजलेला उंदीर त्याच्या पुढच्याच वर्षी. 2006 साली तर पाच बिघाड एकत्र घातलेला उंदीर आला. त्याच्या मेंदूत वयाच्या दुसऱ्या महिन्यातच प्लाक दिसू लागतात.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात, कारण बातम्यांत त्या हमखास गळतात. पहिली म्हणजे जनुकातल्या अशा बिघाडामुळे आजार होणारी माणसं एकूण रुग्णांत एक टक्कासुद्धा नाहीत. बाकीच्यांना तो उतारवयात होतो आणि त्यामागे एकच एक कारण नसतं. दुसरी गोष्ट आणखी अडचणीची आहे. या उंदरांत प्लाक भरपूर होतात, पण टाऊचे गुंते होत नाहीत आणि पेशीही फारशा मरत नाहीत. आजार अर्धाच उतरतो.

उरलेला अर्धा भाग दाखवायला टाऊचे वेगळे उंदीर बनवले. त्यांच्यासाठी वापरलेले जनुकबिघाड मुळात अल्झायमरचे नाहीतच, ते वेगळ्याच एका स्मृतिभ्रंशातून उसने घेतलेले आहेत. म्हणून 'अल्झायमर झालेला उंदीर' हा शब्दप्रयोग मला खटकतो. 'अमायलॉइड साठलेला उंदीर' म्हणावं, ते खरं आहे आणि पुढचा बराच गोंधळ वाचतो.

मेंदू कापून बघायचा सोडून स्कॅन कशाला?

कापूनही बघतात. आजवरची बरीचशी माहिती तशीच मिळालेली आहे. पण एक उंदीर एकदाच कापता येतो. आजार कसा वाढतो हे पाहायचं तर काही उंदीर तिसऱ्या महिन्यात मारायचे, काही सहाव्या, काही बाराव्या महिन्यात, आणि त्यांची एकमेकांशी तुलना करायची. हे म्हणजे एखादं मूल कसं वाढलं हे सांगण्यासाठी पहिलीतल्या एका मुलाचा, पाचवीतल्या दुसऱ्याचा आणि दहावीतल्या तिसऱ्याचाच फोटो शेजारी शेजारी लावण्यासारखं आहे. सर्वसाधारण उंची वाढते एवढं कळेल. अमुक मुलगा आजारी पडल्यावर त्याची वाढ खुंटली का, हे कळणार नाही.

स्कॅन केल्यावर तोच उंदीर पुन्हा पिंजऱ्यात जातो आणि दोन महिन्यांनी परत येतो. त्याची तुलना त्याच्याशीच होते. त्यामुळे प्राणी कमी लागतात, हाही मोठा फायदा. प्रयोगात प्राणी टाळता आले तर टाळावेत, कमी करता आले तर कमी करावेत आणि वापरलेच तर त्यांचा त्रास कमी करावा, ही तीन तत्त्वं रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी 1959 साली मांडली. त्यांपैकी दुसऱ्या तत्त्वाला स्कॅनिंगनं चांगलाच हातभार लावला आहे.

शिवाय कापून बघण्याची पद्धत माणसांच्या दवाखान्यात चालत नाही. एमआरआय आणि पेट स्कॅन मात्र दोन्हीकडे चालतात. उंदराकडून माणसाकडे जायला पूल हवा, तो या यंत्रांत सापडेल अशी आशा होती. पूल झाला, पण सगळीकडे पक्का झाला नाही.

एमआरआय: लहान मेंदूला मोठं चुंबक

एमआरआय यंत्र ताकदवान चुंबकाच्या मदतीनं शरीरातल्या पाण्याचा संदेश टिपतं आणि त्यावरून चित्र उभं करतं. चित्र लहान लहान ठोकळ्यांचं बनलेलं असतं. माणसाच्या मेंदूसाठी एक मिलिमीटरचा ठोकळा पुरतो. पण माणसाचा मेंदू सुमारे 1,300 ग्रॅमचा आणि उंदराचा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. तेवढाच तपशील हवा असेल तर ठोकळ्याची बाजू दहापट लहान, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग करावी लागते. बाजू दहापट लहान झाली की आकारमान हजारपट कमी होतं, म्हणजे संदेश देणारं पाणीही हजारपट कमी. खचाखच भरलेल्या मैदानातला गलका ऐकू येतो, एकट्या माणसाची कुजबुज ऐकायची तर कान अगदी जवळ न्यावा लागतो, तशी ही गत.

म्हणून दवाखान्यातलं यंत्र साधारण 1.5 किंवा 3 टेस्लाचं असतं आणि इवल्याशा उंदरासाठी 7, 9.4 किंवा 11.7 टेस्लाचं वापरतात. टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक. संदेश टिपणारी तारेची गुंडाळीसुद्धा उंदराच्या डोक्याला जवळजवळ चिकटवून ठेवतात.

इतकं करून दिसतं काय? मेंदूचा आकार, आक्रसलेला भाग, बारीक रक्तस्राव. प्लाक मात्र इतके लहान की ते जेमतेम दिसतात, तेही त्यांत लोह जमलेलं असेल तर काळे ठिपके म्हणून. आणि गंमत पाहा, अमायलॉइडवाल्या उंदरांचा मेंदू फारसा आक्रसतच नाही. त्यामुळे माणसात जे एमआरआयवर ठळक दिसतं, ते इथे नसतंच.

टाऊच्या एका उंदरात मेंदू झपाट्यानं आक्रसतो, एमआरआयवर ते स्वच्छ दिसतं, आणि वर्षानुवर्षं तो उंदीर आदर्श मानला गेला. 2019 साली उलगडा झाला की त्यात बाहेरचं जनुक घुसवताना उंदराची स्वतःची काही जनुकं तुटली होती आणि मेंदूच्या नुकसानीचा काही भाग त्यामुळे होता. फोटो खरा होता, त्याचं सांगितलेलं कारण अपुरं निघालं.

पेट स्कॅन: माणसात चाललेला रंग उंदरात चालेना

पेट स्कॅनमध्ये शरीरात किंचित किरणोत्सारी पदार्थ टोचतात. तो हव्या त्या गोष्टीला जाऊन चिकटतो आणि यंत्र बाहेरून त्याचा माग काढतं. अंधारात ज्याला शोधायचं त्याच्या खिशात आधीच विजेरी सरकवून ठेवावी, तसं.

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी अमायलॉइडसाठी अशी विजेरी बनवली. प्रयोगशाळेत मेंदूचे काप रंगवायला जो जुना रंग वापरत, त्याच्यातच बदल करून त्यांनी हा पदार्थ तयार केला. 2002 साली स्वीडनमधल्या उप्साला इथे तो पहिल्यांदा रुग्णाला टोचला गेला आणि जिवंत माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड चित्रात उजळलं. 2004 साली त्याचा अहवाल आला, तेव्हा या क्षेत्रात खरोखर नवं पर्व सुरू झालं. त्यातल्या किरणोत्सारी कार्बनचं आयुष्य फार थोडं, दर वीस मिनिटांनी तो अर्धा होतो. म्हणून तो जवळपासच बनवून लगेच टोचावा लागतो. पुढे जास्त टिकणाऱ्या फ्लोरिनवर आधारलेले पदार्थ आले.

साहजिकच तोच पदार्थ उंदरांना टोचला. उंदरांचे मेंदू प्लाकनी गच्च भरलेले होते, आणि स्कॅनमध्ये जवळजवळ काहीच दिसेना! 2005 च्या सुमारास कारण समोर आलं. उंदरात अमायलॉइड माणसाचंच असलं तरी ते वेगळ्या तऱ्हेनं रचलं जातं आणि त्या पदार्थाला धरायला लागणाऱ्या खाचा त्यात फारच थोड्या असतात. दारं मोजून तेवढीच, पण कड्या वेगळ्या. पुढे 2007 साली जपानी संशोधकांनी जास्त प्रखर किरणोत्सारी पदार्थ वापरून उंदरातही चित्र मिळवलं. तरी दोन्हीकडचे प्लाक सारखे नाहीत, हे त्या फसलेल्या स्कॅननं सगळ्यांना दाखवलं. मला विचाराल तर या क्षेत्रातला हा सर्वांत उपयोगी पडलेला अपयशी प्रयोग.

आणखी एक मर्यादा यंत्राचीच आहे. लहान प्राण्यांसाठीच्या पेट स्कॅनरलाही साधारण एक मिलिमीटरपेक्षा बारीक गोष्ट वेगळी ओळखता येणं कठीण जातं. उंदराचा मेंदू जेमतेम सेंटिमीटरभर रुंद. म्हणजे डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत जाड कुंचल्याचे फार तर दहा ठिपके. तेवढ्यात चेहरा काढून दाखवायचा.

कवटीला खिडकी

तिसरी पद्धत माणसावर करताच येत नाही, आणि माझ्या मते उंदरानं या अभ्यासात दिलेलं खरं दान इथे आहे. उंदराच्या कवटीचा छोटा गोल तुकडा भूल देऊन काढतात, तिथे काच बसवतात आणि जखम भरून येऊ देतात. मग खास सूक्ष्मदर्शकानं त्या काचेतून आत बघतात. साधा प्रकाश मेंदूत शिरला की दुधी काचेत शिरल्यासारखा विखुरतो. म्हणून लाल रंगाच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश वापरतात. तो खोलवर जातो आणि नेमक्या एका बिंदूवरच पेशीतला रंग उजळवतो. हे तंत्र 1990 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जन्मलं.

या खिडकीतून एक-एक प्लाक, एक-एक पेशी दिसते. आज पाहायची, उद्या पाहायची, आठवड्यानं पुन्हा तीच पाहायची. प्लाक वर्षानुवर्षं कणाकणानं वाढत असावा, अशी सर्वसाधारण समजूत होती. 2008 साली बोस्टनच्या संशोधकांनी रोजच्या रोज त्याच जागेचे फोटो काढले. काल जिथे काही नव्हतं तिथे आज प्लाक तयार होता, अवघ्या चोवीस तासांत! त्यानंतर दिवस-दोन दिवसांत मेंदूतल्या सफाई कामगार पेशी तिथे धावून आल्या. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. आणि पुढच्या काही दिवसांत शेजारच्या मज्जापेशींचे तंतू वाकडेतिकडे होऊ लागले. आधी काय, नंतर काय, हा क्रम मेलेल्या मेंदूच्या कापांतून कधीच लागला नसता.

मर्यादा अर्थात आहे. काचेतून मेंदूचा वरचा मिलिमीटरभर थरच दिसतो. स्मृतीशी ज्याचा जवळचा संबंध, तो हिप्पोकॅम्पस त्याच्या खाली दडलेला असतो.

पण उंदीर स्वस्थ कसा बसतो?

बसत नाहीच. त्याचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं, आणि चित्र तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं नेमकं हवं. म्हणून भूल देतात, डोकं पकडीत धरतात, अंग गरम राहील अशी व्यवस्था करतात आणि श्वासावर लक्ष ठेवतात.

नुसत्या आकाराचा फोटो हवा असेल तर भूल चालते. मेंदू काम कसं करतो हे पाहायचं असेल तर मात्र पंचाईत होते, कारण भूल दिलेला मेंदू नेहमीचं काम करत नसतो. कामाचा माग घेणारा एमआरआय रक्ताच्या प्रवाहावरून अंदाज बांधतो, आणि भुलीचं औषध तो प्रवाहच बदलतं. आता काही प्रयोगशाळा उंदरांना हळूहळू सवय लावून जागेपणीच स्कॅन करतात. त्याला आठवडे लागतात.

हा वाद नुसता तांत्रिक नाही. 'झोपेत मेंदूतला कचरा धुतला जातो' हे वाक्य आरोग्यावरच्या लेखांत तुम्ही वाचलं असेलच. त्याचा मोठा आधार 2013 सालचा उंदरांवरचा अभ्यास. त्यात झोपलेल्या आणि भूल दिलेल्या उंदरांच्या मेंदूत पेशींमधली जागा रुंदावलेली दिसली आणि अमायलॉइडही लवकर वाहून गेलं. 2024 साली लंडनच्या एका गटानं वेगळ्या पद्धतीनं मोजलं आणि उलटंच सांगितलं, की झोपेत आणि भुलीत हा निचरा मंदावतो. वाद अजून चालू आहे. झोप चांगलीच आहे, ती घ्यावी. पण ते वाक्य जितक्या ठामपणे लिहिलं जातं तितकं ते पक्कं नाही.

चित्र स्वच्छ झालं म्हणजे आठवण परत आली का?

हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा, आणि त्याचं उत्तर मिळायला पंचवीसेक वर्षं गेली.

1999 साली अमायलॉइडविरुद्धची लस उंदरांना दिली गेली. लहान वयात लस मिळालेल्या उंदरांत प्लाक जवळजवळ झालेच नाहीत. जगभर आनंदीआनंद. माणसांवर चाचणी सुरू झाली आणि 2002 च्या सुरुवातीला लस देणं थांबवावं लागलं, कारण सुमारे सहा टक्के लोकांच्या मेंदूला सूज आली. उंदरांनी याची कल्पना दिली नव्हती.

मग लसीऐवजी थेट अँटिबॉडी टोचायच्या असं ठरलं. शरीर जंतूंविरुद्ध बनवतं तशीच, पण कारखान्यात तयार केलेली प्रथिनं म्हणजे अँटिबॉडी. 2002 सालीच एका अभ्यासात दिसलं होतं की म्हाताऱ्या उंदरांना त्या दिल्यावर प्लाक घटतात, पण मेंदूत बारीक रक्तस्राव वाढतात. पुढे माणसांत नेमकं तेच दिसलं. आज ही औषधं घेणाऱ्यांचे ठरावीक काळानं एमआरआय करतात ते याचसाठी. म्हणजे उंदरांनी एकदा फसवलं आणि एकदा खरी सूचना दिली. फरक कुठे पडला? दुसऱ्या वेळी उंदीर म्हातारे होते आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही अमायलॉइड बसलेलं होतं, बऱ्याच रुग्णांत असतं तसंच.

लेकॅनेमॅब या अँटिबॉडीला अमेरिकेत 2023 साली पूर्ण मान्यता मिळाली. तिच्या अठरा महिन्यांच्या चाचणीत पेट स्कॅनवरचं अमायलॉइड मोठ्या प्रमाणात ओसरलं. आणि रुग्णांची प्रकृती? तीही ढासळतच राहिली, फक्त ढासळण्याचा वेग 27 टक्क्यांनी कमी झाला. 18 गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक अर्ध्या गुणाहूनही कमी भरतो. घर जळताना आग विझवली तरी जळालेलं सामान परत येत नाही, तसं काहीसं हे आहे. त्यात टाऊची आग वेगळीच.

उंदरात हे आधी का कळलं नाही? कारण त्याच्या मेंदूत सामान फारसं जळालेलंच नसतं. शिवाय उंदराची स्मृती मोजतात ती पाण्याच्या हौदात लपवलेला चौथरा त्याला पोहत जाऊन सापडतो का, यावरून. नातवाचं नाव आठवणं किंवा घरचा हिशेब जमवणं, याच्याशी त्या पोहण्याचा संबंध किती लांबचा आहे हे सांगायला नको.

मग माणसांचेच स्कॅन करा की!

रास्त आक्षेप आहे, आणि तसे स्कॅन होतातही. अमेरिकेत 2004 पासून हजारो लोकांचे स्कॅन वर्षानुवर्षं करून माहिती जमवली जाते आहे. पण माणसाच्या स्कॅनमध्ये डाग दिसला तर तो नक्की कशाचा, हे त्याच दिवशी मेंदू उघडून ताडून पाहता येत नाही. प्राण्यात येतं.

साखरेच्या पेट स्कॅनचं उदाहरण घ्या. मेंदू साखर किती वापरतो हे त्यात दिसतं. साखर कमी वापरली जाते आहे म्हणजे मज्जापेशी मंदावल्या, असा अर्थ अनेक वर्षं लावला जात होता. 2021 साली उंदरांच्या मेंदूतल्या पेशी वेगवेगळ्या करून मोजल्यावर कळलं की साखरेचा मोठा वाटा मायक्रोग्लियाच खाऊन टाकतात. त्या खवळल्या तर स्कॅन उजळतो, थंडावल्या तर मंदावतो. म्हणजे माणसांचे लाखो स्कॅन ज्या अर्थानं वाचले गेले, तो अर्थ तपासायला उंदीरच लागला.

उंदरापलीकडेही प्राणी आहेत. कुत्र्याचं अमायलॉइड माणसासारखंच असतं आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत ते आपोआप साठतं, काही कुत्री गोंधळतात, ओळखीच्या घरात हरवतात. म्हाताऱ्या माकडांतही प्लाक होतात. पण त्यांच्यावर प्रयोग करायला वेळ दशकांत मोजावा लागतो आणि नैतिक प्रश्नही जास्त टोचतात. उंदरांतही सुधारणा चालू आहे. जपानमध्ये 2014 साली तयार झालेल्या उंदरात बाहेरचं जनुक भारंभार ओतण्याऐवजी त्याच्या स्वतःच्याच जनुकात हवा तो बदल केला आहे, त्यामुळे प्रथिनाचा पूर येत नाही.

आता पुन्हा बातमीतली ती दोन चित्रं

बहुतेक वेळा तो स्कॅन नसतोच. मेलेल्या उंदराच्या मेंदूचा काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली काढलेला तो फोटो असतो. म्हणजे डावीकडचा डागांचा मेंदू एका उंदराचा आणि उजवीकडचा स्वच्छ मेंदू दुसऱ्याच उंदराचा. डाग आधी होते आणि मग गेले, असं आपण मनात जुळवून घेतो. खरोखरच पेट स्कॅन असला तरी त्यातला लाल-पिवळा रंग मेंदूत नसतो. यंत्र आकडे देतं, कुठल्या आकड्याला लाल म्हणायचं ते संगणकासमोर बसलेला माणूस ठरवतो. त्यानं पट्टी थोडी वर सरकवली की तोच मेंदू निळा दिसतो.